बॅटरी-चार्जरच्या बिघाडांचे निदान

विजेच्या उपकेंद्रात किंवा मोठ्या कारखान्याच्या वीजघरात जी अवजड यंत्रसामग्री मांडलेली असते, तिच्या मानाने आतल्या खोलीत भिंतीला लागून उभे असलेले बॅटरी-चार्जरचे राखाडी कपाट अगदीच दुय्यम वाटते. परंतु एखाद्या फीडरवर शॉर्टसर्किट होऊन ब्रेकर तत्काळ उघडणे आवश्यक झाले असता त्याच्या ट्रिप कॉइलला जो प्रवाह लागतो, तो याच कपाटाने भरून ठेवलेल्या बॅटरीतून येतो, आणि तो आला नाही तर ज्या दोषाचे निवारण सेकंदाच्या अल्पांशात व्हावयाचे तो दोष ट्रान्सफॉर्मर पेटेपर्यंत चालू राहतो. असे असूनही चार्जरकडे लक्ष जाते ते बहुधा अलार्मची घंटा वाजल्यावरच, आणि मग घाईघाईने दार उघडून समोर दिसेल तो स्क्रू फिरवून पाहण्याकडे कल होतो. या लेखात सांगावयाचे ते मुख्यतः हेच की, चार्जरचे निदान मोजमापाच्या क्रमाने करावे. कारण ज्यांना आपण चार्जरचे बिघाड म्हणतो, त्यांतील बरेचसे पुरवठ्यात, जोडणीत किंवा खुद्द बॅटरीत असतात, आणि कार्डावरचा स्क्रू फिरवल्याने ते बरे तर होत नाहीतच, उलट मूळ दोषाची खूण मात्र पुसली जाते.

विवेचन नेमके व्हावे म्हणून आपल्याकडील उपकेंद्रांत सर्रास आढळणारा एकच नमुना समोर धरतो: शिसे-आम्लाच्या ५५ सेलची ११० व्होल्टची बॅटरी, आणि तिला जोडलेला, थ्री-फेज ४१५ व्होल्टवर चालणारा थायरिस्टरचा फ्लोट-कम-बूस्ट चार्जर. तीन फेजचा पुरवठा आत येतो, ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब उतरवतो, सहा थायरिस्टरांचा ब्रिज त्याचे डीसीत रूपांतर करतो, चोक व कपॅसिटर त्यातील लहरी सपाट करतात, आणि शंटमधून मोजला जाऊन तो प्रवाह बॅटरीकडे व लोडकडे जातो. या सगळ्यावर हुकमत कंट्रोल कार्डाची. बाहेर जाणाऱ्या दाबाची खबर दोन बारीक तारांनी त्या कार्डाकडे परत येते; तो दाब ठरवलेल्यापेक्षा कमी भासला तर कार्ड थायरिस्टरांना लवकर चेतवते, अधिक भासला तर उशिरा. फ्लोटमध्ये दर सेलमागे २.१५ ते २.२५ व्होल्ट, म्हणजे एकूण ११८ ते १२४ व्होल्टच्या दरम्यान, दाब ठेवतात. रिकामी झालेली बॅटरी लवकर भरावयाची असते तेव्हा, म्हणजे बूस्टमध्ये, तो सेलमागे २.७ व्होल्टपर्यंत आणि एकूण सुमारे १४८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. बॅटरीच्या निर्मात्याने दिलेले आकडे याहून वेगळे असतील तर तेच प्रमाण मानावेत. एवढी रचना मनात स्पष्ट असली की पुढचे बहुतेक तर्क आपोआप सुचतात.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन-चार खबरदाऱ्या ध्यानात घेणे प्राप्त आहे. येणारा पुरवठा बंद केला म्हणजे चार्जर निर्जीव झाला असे समजणे ही या कामातील सर्वांत घातक गैरसमजूत होय, कारण बॅटरीच्या बाजूची टर्मिनले त्यानंतरही पूर्ण दाबाखाली असतात, आणि बॅटरी ही काही स्विच दाबून बंद करता येणारी वस्तू नव्हे. मोठे कपॅसिटर पुरवठा तोडल्यावरही भार धरून असतात. ते रोधकातून किंवा दिव्यातून रिकामे करून, मीटरने खात्री करून, मगच हात लावावा. डीसीचा फ्यूज चालू लोडवर उपसू नये. अल्टरनेटिंग प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसीची ठिणगी मात्र ताणली तरी तेवत राहते. बॅटरी-रूममध्ये चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक होते, यास्तव पंखा किंवा झरोके बंद असतील तर आधी ते सुरू करावेत. हातातील घड्याळ व अंगठी काढून ठेवावी, पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन असावे, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ भरपूर स्वच्छ पाणी असावे. ज्याला या कामाचा परवाना नाही, त्याने पुढील मजकूर समजून घेण्यापुरता वाचावा व दार उघडण्याचे काम अधिकृत माणसाकडे सोपवावे.

आता प्रत्यक्ष निदान. पहिले साधन मीटर नव्हे, शिफ्टचा ऑपरेटर. अलार्म केव्हा वाजला, त्याआधी वीज गेली होती काय, कोणी केबलचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे काम केले होते काय, चार्जरचा आवाज बदलला काय, एवढे प्रश्न शांतपणे विचारले तर अर्धा शोध तेथेच लागतो. त्याचबरोबर दर्शनी फलकावरील सर्व दिवे व मीटर जसे दिसतात तसे टिपून घ्यावेत, आणि ते टिपून होईपर्यंत रिसेटच्या बटणाला कोणासही हात लावू देऊ नये. रिसेट केल्याबरोबर कोणता अलार्म आधी आला व कोणता त्याच्या मागून, याचा पुरावा नाहीसा होतो.

चार्जर मुळी सुरूच होत नसेल तर येणारा पुरवठा मोजावा, आणि तो फेज व न्यूट्रल यांच्यात मोजून न थांबता प्रत्येक दोन फेजच्या मध्ये मोजावा. एका फेजचा फ्यूज गेलेला असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतून फिरून त्या टर्मिनलावर थोडाबहुत दाब दिसतो आणि टेस्टरचा दिवा लागतो. टेस्टरवर विसंबणारा येथे हमखास फसतो. तिन्ही दाब सारखे असूनही चार्जर उठत नसेल तर फेजचा क्रम पाहावा. थायरिस्टरांना चेतवणारे स्पंद येणाऱ्या पुरवठ्याशी ताल धरून दिलेले असतात, त्यामुळे दोन फेजची अदलाबदल झाली की कार्ड चार्जरला चालूच होऊ देत नाही, अथवा त्याचा दाब वेडावाकडा होतो. एका कारखान्यात पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीनंतर चार्जर बंद पडला म्हणून नवे कार्ड मागवण्याची तजवीज चालली होती. केबलचे टोक त्याच आठवड्यात नव्याने बांधले होते, हे ऑपरेटरच्या बोलण्यात सहज आले. फेज-सिक्वेन्स मीटर लावताच क्रम उलटा निघाला, दोन तारा बदलल्या, आणि कार्डाचा विषय तेथेच मिटला.

पुरवठा ठीक असून डीसी दाब नसेल तर फ्यूजकडे वळावे. थायरिस्टरांच्या रक्षणासाठी बसवलेले फ्यूज हे साधे एचआरसी फ्यूज नसून सेमीकंडक्टर फ्यूज असतात. थायरिस्टर जळण्यास जेवढा अवधी लागतो त्याहून कमी अवधीत ते वितळावेत अशी त्यांची घडण असते. त्यांच्या जागी त्याच अँपिअरचा साधा फ्यूज बसवला तर चार्जर चालतो खरा, पण पुढच्या दोषात फ्यूज शाबूत राहून थायरिस्टर जातो. तारेचा तुकडा बसवणाऱ्यांविषयी तर न बोललेले बरे. शिवाय फ्यूज गेला तो कशाने, याचा खुलासा होण्यापूर्वी नवा फ्यूज बसवणे म्हणजे महाग फ्यूजची नासाडी होय. बहुधा कारण थायरिस्टर शॉर्ट झाल्याचे असते. त्याची तपासणी मीटरने करता येते: अॅनोड व कॅथोड यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी फार मोठा रोध दाखवला पाहिजे, आणि गेट व कॅथोड यांच्यामध्ये थोडा, साधारणतः दहा ते पन्नास ओहमच्या आसपासचा. मात्र सर्किटमध्ये असतानाच मोजले तर समांतर जोडलेल्या इतर वाटांमुळे आकडा फसवा येतो, म्हणून एक बाजू सोडवून मोजावे. कॅप्सूल जातीच्या थायरिस्टरला आणखी एक खोड आहे. त्याच्या आतील चकत्या केवळ क्लॅम्पच्या दाबानेच एकमेकींना नीट भिडतात, यामुळे क्लॅम्पमधून काढून टेबलावर ठेवून मोजलेला चांगला थायरिस्टरही मेलेला वाटू शकतो. आणि परत बसवताना क्लॅम्प निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावा लागतो, अन्यथा उष्णता हीटसिंककडे जात नाही आणि नवा थायरिस्टर जुन्याच्या वाटेने जातो.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे दाब आहे, पण पुरेसा नाही. येथेच सर्वाधिक उतावळेपणा होतो, म्हणून जरा थांबून पाहू. रात्रभर वीज गेलेली आहे, बॅटरीने सर्व भार वाहिला आहे, सकाळी वीज येते आणि चार्जरचा व्होल्टमीटर १२१ ऐवजी ११२ दाखवतो. अनेकजण ताबडतोब दाब वाढवण्याच्या स्क्रूकडे धावतात. वास्तविक या वेळी चार्जर आपले कर्तव्य चोख बजावत असतो. रिकाम्या बॅटरीला मनसोक्त प्रवाह घेऊ दिला तर बॅटरी आणि थायरिस्टर दोन्ही तापतील, म्हणून कार्डातील करंट-लिमिटची व्यवस्था प्रवाह एका मर्यादेवर रोखून धरते आणि त्यासाठी दाब तात्पुरता खाली सोडते. उदाहरणार्थ २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २० अँपिअर आणि उपकेंद्राच्या नित्य लोडला १० अँपिअर अशी ३० अँपिअरची मर्यादा ठेवलेली असेल, आणि अॅमीटर ३० वर स्थिर असून व्होल्टमीटर तासागणिक थोडाथोडा चढत असेल, तर कसलाही बिघाड नाही, धीर धरावा. अॅमीटर मर्यादेच्या बराच खाली असूनही दाब चढत नसेल तरच दोष आहे असे समजावे. येथे अॅमीटरवर तरी विश्वास ठेवावा काय, अशी शंका रास्त आहे. तिचे निरसन शंटवर मिलिव्होल्ट मोजून होते. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट असा शंट असेल आणि त्यावर १५ मिलिव्होल्ट आले, तर प्रवाह २० अँपिअर, मग काटा काहीही सांगो.

दाब खरोखरच कमी पडत असेल तर सहा थायरिस्टरांपैकी एखादा चेतत नाही किंवा एक फेज नाहीशी झाली आहे, असा पहिला संशय घ्यावा. याची वर्दी बहुधा कानाला आधी मिळते. तिन्ही फेज आणि सहाही थायरिस्टर काम करीत असताना डीसीतील लहर सेकंदाला ३०० आवर्तनांची असते आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बारीक व एकसारखी असते. एक फेज गेली की ती लहर १०० वर उतरते, एकच थायरिस्टर मुका झाला तर तीत ५० ची भर पडते, आणि आवाज जाडा व घोगरा होतो. कानाच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे प्रवाह मोजावेत. ते एकमेकांपासून ठळकपणे भिन्न असतील तर ब्रिजमध्ये दोष निश्चित. मग प्रश्न उरतो तो थायरिस्टर वाईट की त्याला मिळणारा स्पंद. स्पंद ऑसिलोस्कोपवर पाहून शेजारच्या थायरिस्टरच्या स्पंदाशी ताडून पाहावा. परंतु गेट व कॅथोड येथे पुरवठ्याच्या दाबावर असल्यामुळे स्कोपची अर्थ असलेली क्लिप त्यांना जोडली तर तेथेच शॉर्टसर्किट होईल, म्हणून डिफरन्शियल प्रोब नसेल तर हे काम करू नये. गेटची बारीक तार पल्स ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलातून निसटलेली असणे, ही गोष्ट खराब कार्डापेक्षा अधिक वेळा आढळते. तेव्हा कार्ड काढण्यापूर्वी प्रत्येक तार हलक्या हाताने ओढून पाहावी.

जोडणीचे दोष मात्र खास वेगळे सांगण्याजोगे आहेत, कारण ते फ्लोटमध्ये दडून बसतात. चार्जरवर १२१ व्होल्ट आहेत, बॅटरीच्या टोकांशीही १२१ आहेत, सगळे आलबेल दिसते; पण फ्लोटमध्ये बॅटरीचा प्रवाह नाममात्र असल्याने गंजलेल्या जोडावर दाब पडण्याचे कारणच उद्भवत नाही. वीज जाऊन आली आणि ३० अँपिअरचा प्रवाह वाहू लागला की त्याच जोडावर अडीच व्होल्ट हरवतात, म्हणजे ७५ वॉटची उष्णता त्या एका लगवर साचते, जणू एखादे सोल्डरिंग आयर्न तेथे कायमचे टेकवून ठेवले आहे. अशी लग पाहिली असता तिच्या बुडाशी निळसर-हिरवा थर, केबलच्या इन्सुलेशनवर तांबूस-काळी झाक आणि बोल्टाखालचा वॉशर आम्लाने खाल्लेला दिसतो. तेव्हा दाबाची तुलना नेहमी प्रवाह वाहत असताना करावी, आणि मीटरचे एक टोक चार्जरच्या धन टर्मिनलाला व दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावून मधली घट थेट मोजावी. ऋण बाजूचेही तसेच. दोष आढळल्यास बॅटरी वेगळी करून लग उकलावी, बेकिंग सोड्याच्या पाण्याने पुसावी (ते पाणी सेलमध्ये पडू देऊ नये), घासून चकचकीत करावी, आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन योग्य जोराने आवळावी.

दाब अधिक होणे हा दोष कमी होण्याच्या दोषाहून भयंकर होय, कारण त्याचा गाजावाजा होत नाही. दिवे लागतात, ब्रेकर चालतात, आणि बॅटरी मात्र आतल्या आत मरत असते. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर पूर्वीपेक्षा वारंवार घालावे लागणे, बॅटरी-रूममध्ये आम्लाचा उग्र वास येणे, सीलबंद बॅटरीची पोटे फुगणे, ही त्याची लक्षणे. प्रथम पाहावे की चार्जर बूस्टवर तर राहून गेला नाही, किंवा सिलेक्टर स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर तर नाही. तसे नसेल तर दाबाची खबर आणणाऱ्या त्या दोन बारीक तारांकडे लक्ष द्यावे. त्यांपैकी एक तुटली किंवा तिचा फ्यूज गेला, की कार्डाला शून्य दाब भासतो आणि ते बिचारे थायरिस्टरांना पूर्ण उघडून देते. उत्तम चार्जरमध्ये अशा वेळी ओव्हर-व्होल्टेज रिले चार्जर बंद करतो, परंतु तो रिले शेवटचा केव्हा तपासला याची नोंद अनेक ठिकाणी सापडत नाही.

अलीकडे आणखी एक कारण वाढले आहे. पाण्याच्या जुन्या बॅटरीच्या जागी सीलबंद व्हीआरएलए बॅटरी बसवतात आणि चार्जर मात्र पूर्वीच्याच सेटिंगवर ठेवतात. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे-आम्लाची बॅटरी प्रथम सिद्ध केली तेव्हापासून मूळ रसायन तेच राहिले असले, तरी सीलबंद सेलमधून उडालेले पाणी परत घालता येत नाही. तिला फ्लोटमध्ये सेलमागे सुमारे २.२५ व्होल्ट मानवतात आणि बूस्टचे २.७ व्होल्ट मुळीच सोसत नाहीत. बॅटरी बदलली की चार्जरचे फ्लोट, बूस्ट व करंट-लिमिट हे तिन्ही नव्या बॅटरीच्या पत्रकाप्रमाणे बदललेच पाहिजेत. याबाबतीत तडजोड संभवत नाही. तापमानाचाही हिशेब ठेवावा. आपल्याकडे २७ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात आणि त्यावरील प्रत्येक अंशाला सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्ट फ्लोट कमी करावा लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात बॅटरी-रूम ४२ अंशांवर गेली तर ५५ सेलवर ही दुरुस्ती जवळजवळ अडीच व्होल्टांची होते. तापमान मोजणारा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला असावा. तो चार्जरच्या कपाटातच लोंबत ठेवलेला आढळला तर त्याला बॅटरीची नव्हे, ट्रान्सफॉर्मरची ऊब कळते.

कपॅसिटरांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांच्यातील द्रव काळाने सुकतो आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुर्मान सुमारे निम्म्यावर येते. चांगल्या मीटरच्या एसी रेंजवर डीसी टर्मिनलांशी लहर मोजून ती चार्जर नवा असतानाच्या नोंदीशी ताडावी, आणि डोके फुगलेला किंवा बुडाशी ओलसर झालेला कपॅसिटर दिसल्यास मोजण्याची वाट न पाहता बदलावा. धुळीने बुजलेला पंखा, उडालेले थर्मोस्टॅट, खोटा अलार्म देणारा फ्यूज-फेलचा संपर्क, हे मामुली दोष दृष्टीस पडताच उलगडतात.

अर्थ फॉल्ट हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, जेथे जून ते सप्टेंबर यार्डातील जंक्शन बॉक्सांमध्ये पाणी शिरणे हा नित्याचाच प्रकार. अर्थ फॉल्टचा अलार्म चार्जरच्या फलकावर वाजतो म्हणून दोष चार्जरचा समजतात. तो बहुधा यार्डातील असतो. बिनदोष अवस्थेत धन टोक व अर्थ यांच्यात सुमारे ६० आणि ऋण टोक व अर्थ यांच्यातही सुमारे ६० व्होल्ट असतात. धन बाजूचा आकडा शून्याकडे झुकला तर दोष धन बाजूस, ऋण बाजूचा झुकला तर ऋण बाजूस. दिव्यांची जुनी योजना असेल तर ज्या बाजूचा दिवा मंदावतो ती बाजू दोषी. एकच अर्थ असताना काही बिघडत नाही, आणि म्हणूनच तो दिवसेंदिवस तसाच ठेवला जातो. दुसऱ्या ठिकाणी दुसरा अर्थ झाला की मग ट्रिप कॉइलला नको तेव्हा प्रवाह मिळून ब्रेकर उघडतो, किंवा हवा तेव्हा मिळत नाही. शोध घेताना एकेक डीसी फीडर क्षणभर बंद करून दोन्ही आकडे पुन्हा समान होतात काय ते पाहतात. रक्षणाच्या रिलेंचा फीडर असा बंद करावयाचा तर नियंत्रण कक्षाची पूर्वपरवानगी अपरिहार्य आहे. टेस्ट-लॅम्प एका टोकापासून अर्थला लावून पाहण्याची जी वहिवाट आहे, ती तर सोडूनच द्यावी. त्या दिव्यातून जाणारा प्रवाह आधीच अर्थ झालेल्या ट्रिप कॉइलमधून वाहून ब्रेकर उघडू शकतो. मोजणी उच्च रोधाच्या मीटरनेच करावी. आणि बॉक्स उघडल्यावर टर्मिनलांवर आडवी पडलेली पाल किंवा उंदराने कुरतडलेली केबल सापडली, तर ती काढून थांबू नये. तिला वाट देणारे केबल ग्लँडचे भोकही बुजवावे.

आता बॅटरीच्या अशा एका दोषाकडे येतो, जो चार्जरच्या मीटरवर कधीच दिसत नाही आणि ज्याने सर्वांत मोठे अनर्थ घडतात. ५५ सेल एकामागून एक जोडलेले असतात. त्यांतील एका सेलचा आतला जोड तुटला, किंवा दोन सेलमधील पट्टी गंजून सुटली, की संपूर्ण बॅटरी निरुपयोगी होते. परंतु चार्जर चालू आहे तोवर लोडला प्रवाह चार्जरकडून मिळतो, व्होल्टमीटर १२१ दाखवतो, आणि बॅटरीचा अॅमीटर शून्य दाखवतो. भरलेल्या निरोगी बॅटरीचा फ्लोटचा प्रवाहही इतका थोडा असतो की काटा तेव्हाही शून्यावरच असतो. म्हणून रोजच्या नोंदीत फरक पडत नाही. अशा वेळी चार्जरच्या दुरुस्तीसाठी कोणी स्विच बंद केला, तर त्या क्षणी संपूर्ण उपकेंद्राचा डीसी नाहीसा होतो आणि एकही ब्रेकर उघडण्याच्या स्थितीत राहत नाही. यास्तव माझे ठाम मत आहे की, चार्जर बंद करण्यापूर्वी बॅटरी खरोखर जोडलेली आहे याची खात्री चार्जर चालू ठेवूनच करावी. दर्शनी फलकावरील नॉबने, तिची मूळची खूण टिपून, दाब हळूहळू १०८ व्होल्टपर्यंत उतरवावा. बॅटरी शाबूत असेल तर दाब ११० च्या वरच अडखळतो आणि बॅटरीचा अॅमीटर डिस्चार्जच्या बाजूस झुकतो, कारण लोडचा भार तिने उचललेला असतो. बॅटरी तुटलेली असेल तर दाब चार्जरबरोबर निमूट १०८ वर येतो आणि अॅमीटर हलत नाही. पण डीसी शिल्लक राहतो, कारण चार्जर अद्याप चालूच आहे. मग नॉब पूर्ववत करून प्रत्येक सेलचा दाब मोजीत तुटलेला दुवा शोधावा, आणि दुसरा चार्जर किंवा पर्यायी बॅटरी जोडल्याखेरीज हा चार्जर बंद करू नये.

बूस्टच्या व्यवस्थेतही असाच एक निद्रिस्त दोष असतो. बूस्टचे १४८ व्होल्ट ११० व्होल्टच्या रिलेंवर जाऊ नयेत म्हणून त्या वेळी डीसी काँटॅक्टर बॅटरी लोडपासून वेगळी करतो, आणि तेवढ्यात वीज गेलीच तर मधल्या एका सेलपासून ब्लॉकिंग डायोडमार्गे लोडला आधार मिळतो. तो डायोड उघडा पडलेला असला तर वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. वर्षातून एकदा तरी तो मीटरवर तपासावा.

सेलचे दाब व विशिष्ट गुरुत्व मोजणे हे चार्जरच्या निदानाचेच अंग समजावे. एखादा सेल आतून शॉर्ट झाला की त्याच्या वाटचा दाब उरलेल्यांवर वाटला जातो. असे तीन सेल गेले तर १२१ व्होल्टच्या फ्लोटवर बाकीच्या ५२ सेलना २.३३ व्होल्ट मिळतात आणि चार्जर निर्दोष असूनही बॅटरी उकळू लागते. हायड्रोमीटरचे वाचन तापमानाशी जुळवून घ्यावे. २७ च्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवावेत, खाली असल्यास वजा करावेत. पाणी घातल्यावर लगेच घेतलेले वाचन ग्राह्य धरू नये, कारण वर तरंगणारे पाणी अद्याप आम्लात मिसळलेले नसते.

दुरुस्ती पुरी झाल्यावर चार्जर प्रथम हलक्या लोडवर सुरू करावा, फ्लोटचा दाब स्वतंत्र मीटरने बॅटरीच्या टोकांशी तपासावा, करंट-लिमिट व ओव्हर-व्होल्टेज यांची चाचणी घ्यावी, आणि अर्धा-पाऊण तास चालल्यानंतर प्रत्येक जोडावर उष्णतामापक फिरवावा. त्यानंतर नोंदवहीत दिनांक, लक्षण, मोजलेले आकडे, आढळलेले कारण, बदललेला भाग आणि स्वाक्षरी एवढा तपशील लिहावा. पुष्कळ ठिकाणी त्या वहीत "चार्जर दुरुस्त केला" एवढीच ओळ सापडते. तिचा पुढच्या माणसाला काडीचाही उपयोग होत नाही. वाचकांस विनंती एवढीच की, आपल्या ताब्यातील चार्जर आज ठीक चालत असेल तर त्याचे फ्लोट, बूस्ट, करंट-लिमिट, तिन्ही फेजचे प्रवाह आणि डीसीतील लहर आजच मोजून, तारखेसह एका कागदावर लिहून, तो कागद दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा.